वरच्या पट्टीतले आबा

ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर एक काटा असतो. माणूस बोलला की तो हलतो, आणि आवाज हाताबाहेर गेला की उजवीकडच्या लाल पट्ट्यात जाऊन धडकतो. कोल्हापूरच्या स्टुडिओत मी उमेदीची सगळी वर्षं या काट्याकडं बघत काढली. त्या काळात आमच्याकडं नट पुष्कळ होऊन गेले, पण काट्याला कायमचा लाल पट्ट्यात नेऊन बसवणारा माणूस एकच, आबा. त्यांचा सीन असला की मी आवाजाचं बटण आधीच निम्म्यावर आणून ठेवायचो, तरी कानावरचे हेडफोन उचलून धरायची वेळ यायची.

दैवाची थट्टा अशी, की दिवसभर ज्यांच्या आवाजानं माझे कान किटायचे, त्यांच्याच घराच्या माडीवर मी भाड्यानं राहत होतो. मंगळवार पेठेत खाली त्यांच्या दोन खोल्या, पुढं फरशीचं अंगण, अंगणात नळ, आणि वर माझी माडी. माडीची जमीन फळ्यांची. खाली कुणी वाटी सरकवली तरी वर ऐकू यायचं, आणि आबा तर नुसतं किती वाजले हे विचारायचे तेही पेठेत कुठं आग लागल्यासारखं. पहिल्या आठवड्यात मी खोली सोडायचा विचार केला होता. पुढं सवय झाली, आणि नंतर नंतर तो आवाज नसला की मला झोपेतून उठायचं कळेना.

सिनेमात ते पाटील व्हायचे. पाटील नसले तर सावकार, सावकार नसले तर सरपंच. गरिबाची झोपडी पेटवायची, हिरॉइनचं मनगट धरायचं आणि शेवटच्या रिळात हिरोचा मार खायचा, हा त्यांचा धंदा. मंडईत एकदा एका भाजीवालीनं त्यांना मेथी द्यायला नकार दिला. "झोपडी पेटवताना लाज न्हाय वाटली व्हय? जावा, तुमास्नी न्हाय देत," म्हणाली. आबा रिकामी पिशवी हलवत घरी आले आणि अंगणातूनच गरजले, "आज मेथी न्हाय गं! काम पटलंय!" त्या दिवशी ते इतके खूश होते की मला वर बोलावणं पाठवून चहा पाजला.

सकाळी ते कट्ट्यावर दूध प्यायला जायचे. म्हशी समोर उभ्या, धार काढली की ग्लास हातात. तिथंही उभ्या उभ्या त्यांचे डायलॉग चालायचे. गवळी शेवटी हात जोडून म्हणाला, "आबा, तुमचं संपंस्तवर जरा लांब उभं ऱ्हावा. म्हस पान्हा चोरतीया." आबांना राग आला नाही. म्हशीला घाबरवणं ही त्यांच्या लेखी पावतीच होती.

पण या माणसाच्या काही गोष्टी अशा होत्या की त्या कळायला त्याच घरात राहायला हवं होतं. शूटिंगवरून आले की ते उंबरा ओलांडायचे नाहीत. आधी अंगणातल्या नळावर तोंड खसाखसा धुवायचे. मग वैनी, म्हणजे त्यांची बायको, बाहेर येऊन त्यांच्या कानामागं, मानेवर कुठं रंग राहिलाय का बघायच्या. त्यांनी "व्हय, या आता" म्हटलं की मगच आत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाटलाच्या तोंडानं घरातली भाकरी खायाची न्हाय. भाईरचं भाईर." मला ते कानवाले म्हणायचे. "कानवाले, तुमी यंत्र बंद करून घरला येतासा का न्हाय? तसंच हाय हे."

दुसरी गोष्ट तालमीची. आबांना वाचता येत होतं, पण कागदावरून पाठ करायचं म्हटलं की ते पाय आपटायचे. संध्याकाळी वैनी चुलीपुढं भाकऱ्या थापत बसायच्या, शेजारी पाटावर संवादांचे कागद. समोरच्या माणसाची वाक्यं त्या वाचायच्या आणि आबा मागं उभे राहून आपली म्हणायचे. वैनी त्यांच्याकडं पाठ करून बसायच्या. थापणं चालूच राहिलं, तर ते काम फसलं. "न्हाय," म्हणायच्या त्या, मागं वळूनसुद्धा न बघता.

"का न्हाय?"

"खोटं वाटतंय."

मग परत पहिल्यापासून. कधीतरी मधेच थापणं थांबायचं, वैनी पीठ भरल्या हातांनी मागं वळून बघायच्या, आणि आबा एखाद्या पोरासारखे हसायचे. पास झालं! वळून का बसत नाही, असं मी वैनींना विचारलं होतं. त्यांचा आवाज इतका बारीक, की मला तो ध्वनिमुद्रित करायचा असता तर बटण शेवटपर्यंत पिळावं लागलं असतं. त्या म्हणाल्या, "थोबाड बघितलं की माणूस फसतंय. डोळं झाकून ऐकलं की कळतंय." माझ्या धंद्यातली याहून खरी गोष्ट मला पुढं कुणी सांगितली नाही. स्टुडिओतही हे सगळ्यांना माहीत होतं. जुने दिग्दर्शक सेटवर आबांना आधी एवढंच विचारायचे, "घरनं पास झालंय न्हवं?"

आणि मग तो सिनेमा आला.

जयसिंगपूरच्या एका अडत दुकानदाराचा मुलगा सिनेमाचं शिक्षण घेऊन परत आला होता. दाढी वाढलेली, बोलणं हळू, आणि डोक्यात भलतंच. आमच्याकडं तेव्हा पाटील, तमाशा आणि निवडणूक यांवर सिनेमे निघत. याची गोष्ट पुढच्या कुठल्यातरी काळातली. सूर्य इतका तापलाय की जमिनीवर काही उरलेलं नाही. माणसं जमिनीखाली शहर करून राहतात. सगळ्यांना एकच करडा कपडा, नावाऐवजी आकडा, दिवसाला मोजून पाणी. ज्याच्या हातून काम होईना, त्याला "वर" पाठवतात. त्याला सांगतात की वर आता पुन्हा हिरवं झालंय, तिथं विश्रांती घ्यायची. खरं म्हणजे वर काहीच नाही, नुसती आग. आणि ही माणसं आपल्या पायांनी जावीत म्हणून त्यांना गोड बोलून जिन्यापर्यंत नेणारा एक सरकारी माणूस आहे, त्याला निरोप्या म्हणतात.

पोरानं बापाला पैसे मागताना "पाताळनगरीची गोष्ट आहे" एवढंच सांगितलं होतं. बापाला वाटलं पौराणिक आहे, त्यानं थैली सोडली.

सेट उभारायला ऐपत नव्हती, म्हणून शिरोलीच्या एमआयडीसीतली लोखंड ओतायची एक फाउंड्री साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घेतली. काळवंडलेले पत्रे, राखेचे ढीग, जमिनीतून येणारी धग. पाताळ आयतंच मिळालं. कपडा इचलकरंजीच्या मागावरून आला, सगळ्यांना सारखा. घोटाळा झाला तो गर्दीचा. आमच्याकडं गर्दी लागली की पैलवानांच्या तालमीत निरोप धाडायची रीत, त्याप्रमाणं व्यवस्थापकानं तालमीत निरोप धाडला. पाण्यावाचून खंगलेली प्रजा म्हणून पहिल्या दिवशी जी माणसं ट्रकमधून उतरली, त्यांच्या मांड्या करड्या कपड्यात मावेनात. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. शेवटी फाउंड्रीच्याच कामगारांना उभं केलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

निरोप्याचं काम दिग्दर्शकाला आबांकडून करून घ्यायचं होतं. लहानपणी त्यांना पडद्यावर बघून तो आईच्या पदराआड लपला होता म्हणे. आबांनी सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि विचारलं, "ह्यात पाटील कोन?"

"निरोप्या म्हणा हवं तर."

"मग चाबूक कुटाय?"

"चाबूक नाही, आबा. आणि तो ओरडत नाही. एकदाही नाही."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "कानवाले, ह्ये पोरगं मला उपाशी मारनार."

तरी काम घेतलं. त्यांचा मुख्य सीन एका म्हातारीबरोबर होता. पाणी वाटायच्या कामावरची म्हातारी, तिचे हात आता कापू लागलेत, आज तिला वर पाठवायचंय. ते काम करणाऱ्या बाई पूर्वीच्या संगीत नाटक कंपनीतल्या. मुसलमान घरातल्या, इचलकरंजीला मुलाकडं राहायच्या. आम्ही सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. मराठी अशी बोलायच्या की आमच्या स्टुडिओतल्या भाषा तपासणाऱ्या शास्त्रीबुवांनी खाली बसून ऐकावं.

पहिल्या दिवशी आबांचं काही जमेना. संवाद होता, "नागरिक, आपला कार्यकाल संपला आहे." हे त्यांनी असं म्हटलं, की पत्र्यावरची पारवी उडाली. दिग्दर्शक पुन्हा पुन्हा हात खाली करून दाखवायचा, "आबा, खाली. अजून खाली." आबा खाली यायचे आणि दुसऱ्या वाक्याला परत वर. घरीही तीच गत. माझ्या फळ्यांखाली रोज संध्याकाळी "आपला कार्यकाल संपला आहे" चालायचं आणि भाकऱ्यांचं थापणं काही थांबायचं नाही. वैनी म्हणायच्या, "न्हाय. खोटं वाटतंय." शेवटी सीन पुढच्या सुट्टीवर ढकलला.

मधल्या आठवड्यात आबा वैनींना घेऊन मिरजेच्या दवाखान्यात गेले. वैनींच्या पोटात बरेच दिवस दुखत होतं, खाल्लेलं ठरत नव्हतं. परत आल्यावर मी जिन्यातून विचारलं, तर आबा म्हणाले, "अल्सर हाय. औषध दिलंय." त्यानंतर तालीम बंद झाली. भाकऱ्या शेजारची मुलगी येऊन करू लागली. आबांनी दिग्दर्शकालाही सांगितलं, की कागद घरी पाठवू नका, मी सेटवरच बघतो. मला वाटलं, बाईला विश्रांती हवी म्हणून असेल.

सुट्टीच्या दिवशी आम्ही परत फाउंड्रीत. आबांनी दिग्दर्शकाला एवढंच विचारलं, "माज्या बोलीत बोलू काय?" त्यानं कंटाळून मान हलवली. कॅमेरा सुरू झाला. खाला लोखंडी बाकाजवळ उभ्या. आबा आले. आले ते तिच्यासमोर उभे राहिले नाहीत. खांद्यावरच्या पंच्यानं आधी बाक पुसला. मग स्वतः खाली उकिडवे बसले आणि तिच्या तोंडाकडं वर बघत म्हणाले,

"बसा. लांबनं आलासा. पानी घेतलासा का?"

मी बटण वाढवायला हात पुढं केला, कारण काटा डावीकडं पडून होता. नुसता थरथरत होता.

"काय काळजी करायची न्हाय. वर लई ब्येस हाय बघा. हवा गार. आठ दिसात अंगात ताकद येतीया का न्हाय बघा तुमी. पयल्यासारखं चालशिला, फिरशिला. मी सोता बघून आलोय. मी खोटं बोलीन काय तुमच्याशी?"

आमच्याकडं पाहुण्याला जेवायला बसवून "घ्या की अजून, लाजू नगा" असा आग्रह करतात, अगदी तो स्वर. त्याच आग्रहानं तो माणूस एका म्हातारीला जाळात पाठवत होता. कागदावर खालांना इथं किंकाळी फोडायची होती, "मला जायचे नाही!" त्यांनी ती फोडली नाही. त्या आबांकडं बघत राहिल्या. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मग पदर सारखा केला आणि विचारलं, "वर गेल्यावर कुणाला सांगायचं, मी आले म्हणून?"

हे वाक्य कुठंच लिहिलेलं नव्हतं. "कुनाला सांगाय लागत न्हाय," आबा म्हणाले. "वळकत्यात तितं."

खालांनी कमरेचं पाण्याचं भांडं सोडलं आणि त्यांच्या हातात दिलं. "मग हे इथंच राहू द्या. दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल." आणि त्या जिन्याकडं चालू लागल्या. आबा भांडं धरून तसेच उकिडवे.

दिग्दर्शक "कट" म्हणायचं विसरला. फिल्म संपल्यावर कॅमेरा आपोआप थांबला. गर्दीतल्या एका कामगारानं डोक्याचं फडकं काढून डोळ्यांना लावलं होतं. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ अभिनय कानांनी ऐकला. इतका खरा परत ऐकला नाही. चहाच्या वेळी खाला माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "मी एवढी वर्षं रंगभूमीवर काढली, मला समजतं. हा माणूस आज अभिनय करीत नव्हता. त्यांच्या घरी काही आहे का हो?"

मी नाही म्हणालो. मला खरंच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी आबा नळावर तोंड धूत होते. या सिनेमात दिग्दर्शकानं कुणाला रंग लावूच दिला नव्हता. तरी आबा धूत होते, खसाखसा, परत परत. वैनींनी आतूनच क्षीण आवाजात म्हटलं, "या की आता." मग ते आत गेले. मी माडीवर चहा ठेवला होता. आणि फळ्यांखालून आवाज आला.

"काय काळजी करू नगंस. आठ दिसात अंगात ताकद येतीया का न्हाय बघ तू. पयल्यासारखी चालशील, फिरशील. मी खोटं बोलीन काय तुज्याशी?"

तोच स्वर. तेच शब्द. चहा उतू गेला तरी मी उभाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यामागं दुधाच्या कट्ट्यावर गेलो. आबांनी ग्लास हातात धरला होता, पीत नव्हते. मी काही विचारायच्या आत तेच बोलले, हळू. "डाक्टरनं मला भाईर बोलवून सांगितलं. गाठ हाय. पसरलीया. कापून उपेग न्हाय. पावसाळा निगंल का न्हाय, सांगता येत न्हाय म्हनला." ग्लास हातात फिरवत म्हणाले, "तिला अल्सर सांगितलंय. जलमात तिच्यापास्नं काय लपवलं न्हाय, कानवाले. बिडी बी सांगून वडली."

"काल सेटवर..."

"त्येच की! त्येच खातंय मला. आदी घरात बोललो आन् मग तितं, का आदी तितं सापडलं आन् घरात आनलं, मलाच कळंना झालंय. भाईरचं भाईर म्हनत हुतो मी." त्यांनी ग्लास तसाच कट्ट्यावर ठेवला. "एक करा. काय बी झालं तरी तिनं ह्यो सिनेमा बगाय न्हाई पायजे. ती डोळं झाकून ऐकल, आन् तिला कळल."

त्या दिवसापासून आबा घरात हळू बोलू लागले. एवढा मोठा माणूस, खालच्या पट्टीत. "जरा खातीस का गं," "बरं हाय न्हवं आता." मला वर निम्मं ऐकूच यायचं नाही. पेठेतले लोक म्हणायचे, आबा सुधारले. मला ते सुधारणं ऐकवायचं नाही.

वैनींचा नेम असा, की आबांचा प्रत्येक सिनेमा त्या पहिल्या दिवशी जाऊन बघायच्या. आबांनी आधी त्यांना सांगितलं, सिनेमा डब्यात पडला, लागणार नाही. पण श्रावणात तो लागला. जाहिरातीचा टांगा कर्णा लावून आमच्याच गल्लीतून गेला, आणि कर्ण्यातून आबांचं नाव दोनदा पुकारलं गेलं. मी जिन्यात होतो. वैनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, हाताच्या काड्या झालेल्या.

"लागलाय म्हनं," त्या म्हणाल्या.

"लागलाय," आबा म्हणाले, "पर त्यात आवाजच बिगाडलाय. ह्या कानवाल्यानं घान केलीया समदी. काय कळत न्हाय."

वैनींनी माझ्याकडं बघितलं. "व्हय?"

माझ्या धंद्याची अब्रू मी तिथंच सोडली. "होय वैनी. जरा खरखर आहे."

"मग ती खरखर तरी ऐकू या की," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला धरून उठल्या.

दुपारच्या खेळाला टांग्यातून गेलो. ती दोघं बाल्कनीत, मी त्यांच्या मागच्या रांगेत. खाली थेटर निम्मं भरलेलं, पाटील बघायला आलेले लोक. आबा पडद्यावर आल्याबरोबर शिट्ट्या पडल्या. मग पंच्यानं बाक पुसला आणि ते हळू बोलू लागले, तेव्हा खालून कुणीतरी ओरडलं, "आबाचा घसा बसलाय काय रं?" लोक हसले. वैनींनी डोळे मिटले होते.

"वर लई ब्येस हाय बघा," पडद्यावरचे आबा म्हणाले, आणि शेजारी बसलेले आबा जोरात खोकायला लागले. खोकला थांबेना. मग ते एकदम उभे राहिले आणि मागं प्रोजेक्टरच्या खिडकीकडं बघून गरजले, "ए! आवाज नीट कर की! काय ऐकू येत न्हाय हितं!"

सगळं थेटर मागं वळलं. "ए आबा, गप बसा की!" खालून एक जण ओरडला. "तुमचंच चाललंय, ऐकू द्या की!" परत हसणं.

वैनींनी डोळे न उघडता त्यांचा हात धरून खाली बसवलं. "ऐकू द्या मला," एवढंच म्हणाल्या. आबा बसले. पुढचं सगळं तिघांनी मुकाट्यानं ऐकलं. खालांनी भांडं दिलं तेव्हा थेटरातलं हसणं थांबलं होतं. मध्यंतरात बरेच लोक उठून गेले. आम्ही शेवटपर्यंत बसलो. तो सिनेमा आठवडाभरसुद्धा टिकला नाही, पण त्याचं आता कुणाला काय.

घरी आल्यावर वैनी आत गेल्या नाहीत, अंगणातल्या पायरीवरच दम खात बसल्या. मी वर जाऊ लागलो, तर मला म्हणाल्या, "थांबा. खरखर कुटं न्हवती हं. आवाज सोच्छ आलाय." मग आबांकडं वळल्या. "काम ब्येस झालंय. एवडं कदी झालं न्हवतं."

आबा नळाकडं वळले, तर वैनी म्हणाल्या,

"पर आता घरात तसं बोलायचं न्हाय."

"अगं, तसं काय न्हाय..." आबा त्यांच्यासमोर उकिडवे बसत म्हणाले, त्याच हळू स्वरात.

"ह्योच. ह्योच आवाज," वैनी म्हणाल्या. "मला काय कळत न्हाय व्हय? त्या म्हातारीला कळतंय, मग मला कळंना? जाईन की मी. समदीच जात्यात. पर ह्या आवाजानं मला लावून देऊ नगासा. भ्या वाटतंय मला ह्याचं. तुमचा आवाज कुटं गेला? वरडा."

आबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"वरडा म्हनते न्हवं!" त्या बाईच्या अंगात होतं नव्हतं तेवढं बळ त्या तीन शब्दांत गेलं.

मग आबा ओरडले. काय ओरडावं हे त्यांना सुचलं नसावं. "सकाळी चा का पिली न्हाईस गं?" असं ओरडले, आणि रडत रडत आणखी ओरडले, "कुनासाटी ठेवलीस ती? माज्यासाटी? मला पायजे व्हय तुजी गार चा?" समोरच्या घरातली माणसं दारात आली. वैनींनी पायरीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

त्यानंतर आबा रोज ओरडले. पेज उरली म्हणून, खिडकी उघडी राहिली म्हणून, "औषध काय भिंतीनं प्यायचं हाय व्हय?" म्हणून. कूस बदलताना ते त्यांना लहान मुलासारखं उचलायचे, आणि तोंडानं मात्र घर डोक्यावर घ्यायचे. मी माडीवर बसून ऐकायचो. कधी कधी मधेच आवाज फुटायचा, मग खाकरून परत वरची पट्टी. नटानं पट्टी सांभाळणं म्हणजे काय, हे मी तेव्हा ऐकलं. दसऱ्याच्या आधी वैनी गेल्या.

पेठेला हे काय कळणार? बायको अंथरुणाला खिळलीय आणि हा तिच्यावर ओरडतोय, हा सिनेमातला नव्हे, खराच राक्षस आहे, असं लोक बोलू लागले. ज्याला मंडईतल्या शिव्यांचा अभिमान वाटायचा, तो माणूस आता खालमानेनं गल्लीतून जायचा आणि कुणाला काही सांगायचा नाही. वैनींच्या शेवटच्या दिवसांत एका सकाळी पेठेतल्या तीन-चार बायका अंगणात आल्या. त्यांतल्या एका म्हातारीनं आबांना दारातच गाठलं. "आबा, मानूस हाईसा का कोन? बाई जाय लागलीया, आन् तुमी तिच्यावर वराडतासा? जरा गोड बोला की तिच्याशी!"

आबा चौकटीला धरून उभे.

तेवढ्यात आतून वैनी काहीतरी बोलल्या. इतकं बारीक, की दारातल्या बायकांना ते कळलं नाही. म्हातारी माझ्याकडं वळली. मी जिन्यात उभा होतो.

"काय म्हनाली ती?"

माझ्या कानांना तेवढं ऐकू आलं होतं. मी सांगितलं, "ओरडू द्या त्यांना, म्हणतात. बरं वाटतंय, म्हणतात."